सुनेचं अ‍ॅव्हरेज

कुरकुंभ सोडल्यापासून सोपानराव, म्हणजे घरचे आबा, सुनेच्या क्लचवरच्या पायावर नजर ठेवून होते. कधी चुकते आणि कधी धरतो, असं त्यांना झालं होतं. पण अक्षदाचा पाय काही चुकत नव्हता. गिअर पडला की पाय बाजूला. पुढं ट्रक दिसला की आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक नावाला. पाटसच्या गर्दीतही तिनं गाडीला एक गचका बसू दिला नाही.

काचा चार बोटं खाली होत्या आणि एसी बंद होता. वैशाखातलं ऊन, अक्षदाच्या कानामागून घाम ओघळत होता. आबांना मात्र बरं वाटत होतं. एसी म्हणजे टाकीला पाडलेलं भोक, हे त्यांचं ठाम मत. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. रेल्वेचं फाटक लागलं की इंजिन बंद, बांधावर कुणी रामराम घातला तरी इंजिन बंद. इंजिनाच्या बाबतीत आपलं चुकलं, असं त्यांच्या तोंडून घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून तर हा तंटा त्यांच्याकडं आला. मुलगा रोहिदास चालवायचा तेव्हा गाडी लिटरला एकवीस द्यायची. अक्षदा कंपनीत नेऊ लागली आणि ती सतरावर आली. "हिला चालवता येत न्हाई. गाडीचं वाटोळं करून ठेवील," म्हणत रोहिदासनं तिच्याकडून किल्ली काढून घेतली. कंपनीची बस वाडीपर्यंत येत नव्हती. गाडी गेली की अक्षदाची नोकरीही गेली. तेव्हा आबा मध्ये पडले. "एक दिस मी बसतो संगं. मग किल्ली कुणाची ते ठरवू." नंतर कुणी सबब सांगायला नको म्हणून काल संध्याकाळी त्यांनी रोहिदासला समोर उभं करून चारी टायरांत हवासुद्धा भरून घेतली. आज सकाळी ते सुनेबरोबर आले, तिची शिफ्ट संपेपर्यंत साडूच्या दुकानात बसले आणि आता परत निघाले होते.

केडगाव मागं पडलं. स्टिअरिंगमागच्या काचेतला अ‍ॅव्हरेजचा आकडा एकवीसच्याही वर गेला. आबा कोड्यात पडले. गाडी चांगली, चालवणारी चांगली, मग पेट्रोल जातं कुठं?

कालव्याचा पूल आला. इथून वाडी हाकेच्या अंतरावर. अक्षदानं गाडी हळू केली, कडेच्या चिंचेखाली घेतली, हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या आणि एसीचं बटण दाबलं. मान मागं टेकवून डोळे मिटले. मग दचकून उघडले. शेजारी सासरे बसलेत, हे ती साफ विसरली होती.

"का थांबलीस?"

"ओढणी घ्यायची व्हती डोक्यावर," ती घाईघाईनं म्हणाली.

ते खोटं नव्हतं. वाडीत शिरताना घरच्या बायकांचं डोकं झाकलेलं हवं, हा आबांचाच नियम होता. पण ओढणी घ्यायला एसी कशाला, हे काही त्यांना पटेना. ते खाली उतरले आणि वाकून बघू लागले. आजूबाजूचं सगळं रान वाळून करडं पडलं होतं. फक्त गाडीच्या पोटाखाली, एसीचं पाणी ठिबकत होतं तिथं, हातभर जागेत हिरवं गवत उगवलं होतं. गवत किती दिवसांच्या पाण्यावर वाढलंय, हे आबांना कुणी सांगायला नको होतं.

ते परत आत येऊन बसले.

"ओढणी घ्यायला आसा किती येळ लागतो, पोरी?"

अक्षदानं ओढणी हातात घेतली होती, पण ती अजून मांडीवरच होती.

"ओढणीला न्हाई लागत, आबा. घरात जायला मन तयार व्हायला लागतो," ती म्हणाली. "अर्धा तास. कवा कवा जास्तीच."

आबांना ते फार लागलं. आमच्या घरात सून लेकीसारखी राहते, असं ते चारचौघांत सांगत आले होते. इंजिन चालूच होतं. समोरचा आकडा एकवीसच्या खाली आला.

अक्षदानं किल्लीकडं हात नेला. "बंद करते."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "गरम हाय भाईर."

मग ते तिच्या शेजारी बसून राहिले. आकडा विसाच्या खाली गेला, एकोणीसच्याही खाली गेला. ते नुसते बघत होते.

घरी पोचले तेव्हा रोहिदास अंगणात वाटच बघत होता. "काय निघालं, आबा?"

आबांनी अक्षदाकडून किल्ली मागून घेतली आणि तिच्याच डब्याच्या पिशवीत टाकली. "पोरगी बेस चालवती. टायरात हवा कमी व्हती."

"हवा? आवो, काल तुम्हीच भरून घेतली की. मी हुतो तिथं."

अक्षदा उंबऱ्याशीच थांबली. आबांनी एकदा चाकांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"मग माझंच चुकलं आसंल," ते म्हणाले.