गोठ्यातला सॅक्सोफोन

धम्मदीपला नागपूरच्या जॅझ बँडने काढून टाकलं. तूर्तास ते झालंच नाही, असं धरून चालू.

धम्मदीप गिरड गावात गुरांचा सरकारी डॉक्टर. दर रविवारी बँडचा कार्यक्रम, आणि नेमकी निघायच्या वेळी कुणाची तरी म्हैस विण्यावर येई आणि त्याचा कार्यक्रम बुडे. एकदा कुसुमबाईंच्या म्हशीची वाट पाहत त्याने गोठ्यातच सॅक्सोफोनचा रियाज सुरू केला, तशी म्हैस झटक्यात व्याली. तेव्हापासून गावोगावहून एकच निरोप येतो, "डॉक्टरसाहेब, इंजेक्शन नाई आणलं तं चालते, पण तो भोंगा आणजा."

बँडमधली जागा अजून आहेच, असं धरून त्याने काल वरिष्ठांना अर्ज दिला.


"सबब, तालुक्यातील सर्व म्हशींना सोमवार ते शनिवार, कार्यालयीन वेळेतच विण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."