चौथी पेटी

गौतमनं पहिल्या पेटीचं झाकण उचललं. "पहिल्यांदाच मधमाश्या पाळून राहिल्या ना, काकू? मग शांत पेटी घ्या. हे पाहा, धूर न देताही कशा चुपचाप आहेत."

विजयाबाई वाकून पाहत होत्या. शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातून इथवर, बीरगावपलीकडच्या गौतमच्या या शेतापर्यंत, त्या एकट्याच ऑटोनं आल्या होत्या. तीन पेट्या पाहून झाल्या. पोळ्याच्या फळीवर अंडी दिसली पाहिजेत, मध साठलेला पाहिजे, कीड नको, असं गौतम एकेक सांगत होता. त्या मान हलवत होत्या.

एक माशी त्यांच्या बोटाला डसली. त्यांनी बोटाकडे नुसतं पाहिलं. शेवटी गौतमनंच नखानं काटा खरडून काढला.

"दुखलं नाही काय?"

"समजलं नाही मले."

बांधाकडे आणखी एक पेटी होती. विजयाबाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ते राहू द्या, काकू. तापट आहे."

"यात मागच्या होळीच्या माश्या असतील?"

गौतम जरा थबकला. "कामकरी माशी दीड-दोन महिने जगते. त्या कधीच्याच गेल्या. राणी तेवढी तीच आहे."

"दाखवा बरं."

त्यानं तोंडावर जाळी ओढली, धूर दिला, फळी वर काढली. माश्यांच्या गर्दीतून लांबट, तांबूस राणी सावकाश चालत होती. विजयाबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"हेच द्या मले."

"काहून? चांगल्या तीन सोडून?"

गौतमनं जाळी वर केली.

"खरं सांगतो, काकू. होळीच्या आदल्या दिवशी एक जण या बांधावरून कारखान्यात जात होता. या पेटीतल्या माश्या डसल्या त्याले, ते विष सोसलं नाही. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. त्याच्या घरी जायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून हे पेटी मी कोणाले देत नाही."

"किती डंख होते?"

"पाच."

"हव," विजयाबाई म्हणाल्या. "त्याले शेवटची अंघोळ घालताना मीच मोजले."

फळी गौतमच्या हातात तशीच राहिली. राणी दुसऱ्या बाजूला गेली होती.

"डसली की माशीही मरते ना, भाऊ?" त्यांनी विचारलं.

गौतमनं मान हलवली.

"मग माझा पोट्टा गेला त्या दिवशी या राणीच्याही पाच पोट्ट्या गेल्या."