द्रौपदीची वसुली

थोरली लेक तेजल बाळंत झाली त्या वर्षी द्रौपदी पोटगीची केस जिंकली. तिला टाकून गेलेला नवरा, राजाराम, घाटकोपरला राहत होता, पण निकाल लागूनही पैसे देईना. म्हणून तिनं मुलुंड कोर्टातल्या रश्मी वकीलबाईंना वसुलीचं काम दिलं.

"मावशी, त्याच्या खात्यावर जप्ती आणते. सगळे पैसे एकदम मिळतील."

"एकदम नको गं पोरी. दर महिन्याला थोडे थोडे, इथं कोर्टात, माझ्या हातात आणून देऊ दे."

"अशानं म्हाताऱ्या व्हाल."

"तो पण होईल ना."

राजाराम दर महिन्याला यायचा. पाकीट हातात ठेवून, खाली बघत 'जयभीम' म्हणायचा. द्रौपदी ठेवणीतली साडी नेसून जायची.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी राजाराम वारला. हप्ते अजून बरेच बाकी होते.