मंजुरी मिळेपर्यंत

महाळुंग्याच्या कारखान्यात तीस वर्षं ट्रकच्या बॉडी जोडून निवृत्त झालेल्या कुसुमताईंनी एक जुना ट्रक घेतला आणि त्याचं चालतं घर केलं. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. देश बघायला निघायचं होतं. बदलाच्या मंजुरीचा अर्ज मात्र आठ महिने पडून होता. अखेर तपासणीचं बोलावणं आलं, तशा त्या ट्रक घेऊन परिवहन कार्यालयाच्या आवारात हजर झाल्या.

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. "हा मालवाहू ट्रक आहे. यात माणसं राहू शकत नाहीत." मग त्यांनी लेखी आदेशच दिला, की मंजुरी मिळेपर्यंत वाहन रस्त्यावर आणू नये.

संध्याकाळी पहारेकरी म्हणाला, "ताई, गाडी काढा. गेट बंद करायचंय."

"रस्त्यावर आणायची न्हाई, असं साहेबांनीच लिहून दिलंय," म्हणत कुसुमताईंनी ओट्यावरचा गॅस पेटवला.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः मंजुरीचा कागद घेऊन ट्रकच्या दाराशी आले. "इथे सही करा आणि निघा."

"थांबा जरा," कुसुमताई आतून म्हणाल्या. "भाकरी थापतीय."