विहिरीतले काळे किडे

"घ्या आत्या, मीबी पिऊन आले, गोड हाय!" नव्या सुनेनं, सुगंधानं, तांब्या पुढं केला. "विहीरबी साफ केली. पाण्यावरचे काळे किडे पार काढून टाकले."

येसूबाईनं हातात घेतलेला तांब्या तसाच खाली ठेवला. वस्तीनं बौद्ध दीक्षा घेऊन मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हापासून 'विहिरीत विष कालवू' अशी गावाची धमकी होती. विष पडलं तर आधी किडेच मरणार, म्हणून ते गिरक्या घेताना दिसल्याबिगर तिची घागर बुडत नसे. जवळच्या ओढ्यात ते आता दिसेनासे झालेले. ती पार पळसदरीहून लोट्यात घालून आणायची, लेकरांसारखे जपायची.

"काढलेस तवा पळत व्हते ना गं?"

सुगंधा हसली. "पळते तर मला गावले असते का, आत्या? गपगार तरंगत व्हते."