दांड्याचं टोक

जलालनं नव्या विहिरीच्या तळाशी सुरुंगाची वात पेटवली, टोपल्यात बसला आणि दोर हलवला. वर दोर गुंडाळायची यारी फिरवायला धर्माजी एकटाच होता. जोडीदार नुकताच पाणी प्यायला गेला होता. दांडा टोकाला तडकलेला, म्हणून धर्माजीनं तो आसाजवळ धरून सगळं अंग टाकलं. यारी बोटभर फिरेना. खालून धूर यायला लागला.

धर्माजीची बायको कुशाबाई पाळीमुळं बाजूला बसलेली, बांधापलीकडे. ती धावत आली.

"शिवू नगं! हिरीला विटाळ व्हईल!"

"आवं, जात्याचा खुंटा कडंला असतुया का मधी?" तिनं दांड्याचं टोक धरून रेटलं. यारी करकरली, हलली, मग भराभरा फिरू लागली. जलाल वर आला. तिघं बांधाआड पडले तोच सुरुंग उडाला.

धूर निवळला तेव्हा तळाशी पाणी चमकत होतं. धर्माजी नारळ घेऊन आला. कुशाबाईला म्हणाला, "तू लांबच थांब."

जलालही दोन पावलं मागं सरला.

"मग मीबी लांबच थांबतो, भाऊ. मला वर काढलं ते वहिनींच्याच हातांनी."