इजा की आजार

"बाळंतपण आजारात बसत नाही," मॅनेजर रघुनाथराव म्हणाले.

"मग इजेत बसवा," वसंत म्हणाला.

"इजेतही बसत नाही."

"मग ते बसते तरी कशात, साहेब?"

रघुनाथरावांनी चष्मा पुसला. "बाळंतपण हा आनंदाचा प्रसंग आहे. आनंदावर कंपनी उपचार करीत नाही."

वसंत पांढुर्ण्याच्या जिनिंग कारखान्यात कारकून होता. मालकांनी यंदा नोकरांसाठी औषधोपचाराची योजना काढली होती. खरं तर दोन. आजाराची योजना घेतली तर छिंदवाड्याला उपचार, कारण राज्यं नव्यानं आखली गेली होती, नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं होतं. इजेची योजना घेतली तर मात्र नागपूर, कारण अपघाताचा करार जुना होता आणि राज्यांबरोबर तो हलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. दोन्हींतली एकच घ्यायची. म्हणजे माणसानं वर्षभर एक तर आजारी पडावं, नाही तर जखमी व्हावं. दोन्हींची हौस असणाऱ्याची सोय नव्हती.

वसंताला यातलं काहीच व्हायचं नव्हतं. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, नववा लागला होता. ती जाम नदीपलीकडे सावरगावला, अगदी काठावरच्या माहेरच्या घरी होती. सुईण कलाबाईनं पोटावरून हात फिरवून सांगितलं होतं, "पोर आडवं हाय. माह्या हातचं काम नाही. नागपूरच्या डॉक्टरणीकडं न्या, नाही तं दोघायचं कठीण हाय." ती डॉक्टरीण होती कंपनीनं ठरवलेल्या खाजगी दवाखान्यात, आणि तिथं कंपनीच्याच पेशंटांना घेत.

"साहेब," फिटर नत्थूजीनं मागून विचारलं, "गोटमारीत डोकं फुटलं तं ते इजेत बसंल का?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहतात आणि पात्रात रोवलेल्या झेंड्यासाठी एकमेकांना दगड मारतात. मनात राग नसतो. दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे चहाही होतो, ज्यांना बसता येतं त्यांचा.

रघुनाथरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "डोकं कशानं फुटलं, असा रकाना यात नाही. बसेल."

सगळा कारखाना खूष झाला. सगळ्यांनी इजा घेतली.

वसंत मात्र पेटला. "म्हंजे दुसऱ्याचं डोकं फोडाले गेलं अन् सोताचं फोडून आलं तं जीप, नागपूर, वरून खाटेशेजारी घरच्या एका माणसाले जागा! अन् लेकरू जन्माले घालाले गेलं तं काहीच नाही?"

"संध्याकाळपर्यंत निवड सांगा," रघुनाथराव म्हणाले.

वसंत सायकल मारत सावरगावला गेला. मनकर्णा ओट्यावर डाळ निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, जीपसकट, शिव्यांसकट.

"इजेची घ्या," ती म्हणाली.

"मले काय इजा होणार? अंगावर दौत सांडंल?"

"सारे घेऊन राहिले न?"

"सारे गोटमारीत जाऊन राहिले! मी तं दार लावून बसतो."

"मग आजाराची घेऊन काय करान? छिंदवाड्याले कोन हाय आपलं?"

त्यानं इजा घेतली. तरी संताप जाईना, म्हणून थेट मालकांना अर्ज लिहिला की बायकोचा जीव धोक्यात आहे, बाळंतपण कशात तरी बसवा. मालकांचं उत्तर आलं : हार्दिक अभिनंदन.

गोटमारीच्या दिवशी वसंतानं नेहमीप्रमाणे दार लावलं. थोड्या वेळात, सकाळीच दूध घेऊन अलीकडे आलेला सावरगावचा दूधवाला दार ठोकू लागला. "मनकर्णाबाईनं बोलावलं. पल्याड येऊ नका, आज कोनी येऊ देत नाही. आपल्या काठावर, तिच्या बापाच्या घरासमोर उभे राहा म्हने."

वसंत अनवाणीच धावला.

"अबे, कारकून आला!" नत्थूजी ओरडला. "योजना वसूल कराले आला का बे?"

वसंताचं लक्ष पलीकडे होतं. मनकर्णा बापाच्या ओट्यावर उभी होती. उभी होती, एवढं पाहूनच त्याला बरं वाटलं. तिनं हातानं खूण केली, बाजूला सरका. तिला आपली काळजी वाटते, हे पाहून त्याला भरून आलं. तो गर्दीतून निघून एकटाच मोकळ्या जागी उभा राहिला.

"बायकोले पाहाले आला वाटते!" नत्थूजीनं टोला हाणला. उत्तर द्यायला वसंतानं मान वळवली, आणि दगड कानाच्या वर बसला.

शुद्धीवर आला तेव्हा तो कारखान्याच्या ओसरीत होता. डोक्याला कोणाचं तरी धोतर गुंडाळलेलं होतं आणि रघुनाथराव नाखुशीनं जीप काढायला सांगत होते.

"सोबत घरचं माणूस कोण?"

"बायको," वसंत म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सावरगावच्या त्या अनोळखी दगड मारणाऱ्याचे त्यानं मनातल्या मनात पाय धरले.

झेंडा तुटला, दगड थांबले, तशी जीप सावरगावात शिरली. मनकर्णा गाठोडं घेऊन रस्त्यावर तयारच उभी होती. रघुनाथराव तिच्या पोटाकडे पाहतच राहिले. "ही याची शुश्रूषा करणार?"

"सोबतच्याचं पोट केवढं असावं, असा रकाना यात नाही, साहेब," वसंत पडल्या पडल्या म्हणाला.

रघुनाथराव खाली उतरले. जीप नागपूरच्या रस्त्याला लागली. मनकर्णानं नवऱ्याचं डोकं, जेवढी उरली होती तेवढ्या मांडीवर, घेतलं. धोतरावरचा लाल डाग पाहून तिचे डोळे भरून आले. पुढे बसलेल्या ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही इतपत वाकून ती पुटपुटली,

"लय लागलं का हो? म्या तं खांद्यावर नेम धरून गोफण मारली होती."